जुन्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट हरवला, तर दुसरा कसा मिळवायचा

टीव्हीचा रिमोट हरवला तर फारसं अडत नाही. टीव्हीच्या कडेला नाहीतर मागे बटणं असतात, ती चाचपडून चॅनेल बदलता येतो, आवाज कमी-जास्त करता येतो. सेट-टॉप बॉक्सचं तसं नाही. जुन्या डब्याच्या तोंडावर बहुधा तीन-चारच बटणं असतात: चालू-बंद, चॅनेल वर, चॅनेल खाली. चॅनेल नव्याने शोधायचे, भाषा बदलायची, चित्राचा आकार बदलायचा, मुलांसाठी लावलेला पिन काढायचा, हे सगळं मेनूत. आणि मेनूचं बटण फक्त रिमोटवर. त्यामुळे धडधाकट डबा निव्वळ रिमोट नाही म्हणून अडगळीत जातो. मला हे बघवत नाही, कारण बहुतेक वेळा तो पुन्हा वापरात आणता येतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डबा रिमोटला ओळखत नाही. रिमोटचा रंग, आकार, त्यावरचं नाव यांतलं काहीच त्याला कळत नाही. त्याला कळतो तो प्रकाशाच्या उघडझापीचा एक ठरावीक क्रम. तो क्रम मूळ रिमोटने पाठवला, दुसऱ्या कंपनीच्या रिमोटने पाठवला किंवा फोनने पाठवला, डब्याला सारखंच. म्हणजे शोधायचा आहे तो कोड. तसाच दिसणारा रिमोट मिळाला पण कोड वेगळा निघाला, तर तो काही कामाचा नाही.

## आधी दहा मिनिटं डब्यापाशी बसा

पहिलं काम, डबा अजून उपयोगाचा आहे का ते बघणं. टीव्हीला जोडा, चालू करा, तोंडावरच्या बटणांनी चॅनेल फिरवून बघा. चित्र येत असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे. फार जुने डबे फक्त एमपेग-२ पद्धतीचं चित्र उलगडू शकतात. तुमच्याकडचं प्रक्षेपण एच.२६४ किंवा एचईव्हीसी या नव्या चित्रपद्धतींवर गेलं असेल, तर उत्तम रिमोट मिळूनही पडदा काळाच राहील. रिमोटच्या मागे लागण्याआधी एवढं तपासलेलं बरं.

दुसरं, डबा खरंच अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालतो का? तोंडावर काळपट किंवा गडद लालसर प्लॅस्टिकची छोटी खिडकी दिसते का बघा. तिच्यामागे वाटाण्याएवढा संवेदक बसलेला असतो. अशी खिडकी असेल तर काम सरळ आहे. काही डबे रेडिओ लहरींवर किंवा ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटसह येत. रिमोट कपाटाच्या दाराआडूनही चालत होता असं आठवत असेल, तर तो रेडिओवाला असण्याची दाट शक्यता आहे. तिथे पुढचे उपाय लागू पडणार नाहीत. त्याच जातीचा रिमोट आणून डब्याशी जोडी जुळवावी लागते.

खिडकीवर संरक्षक प्लॅस्टिकची चिकटपट्टी तशीच राहिलेली असते, कधी तिच्यावर वर्षांची धूळ बसलेली असते. ओलसर कापडाने पुसून घ्या.

तिसरं, डबा उलटा करा. तळाशी किंवा पाठीवर एक स्टिकर असतो. त्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव बऱ्याचदा सेवा देणाऱ्या कंपनीचं असतं, डबा बनवणाऱ्याचं नव्हे. आपल्याला हवाय तो बारीक अक्षरातला मॉडेल क्रमांक. फोनने स्टिकरचा फोटो काढा आणि मोठा करून वाचा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांत गल्लत होऊ देऊ नका. डबा चालू होताना तोंडावरच्या आकड्यांच्या पट्टीवर किंवा पडद्यावर क्षणभर काही अक्षरं येतात, तीही टिपून ठेवा.

डबा एचडीएमआय तारेने जोडलेला असेल तर चौथी एक गोष्ट करून बघा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची सोय असते. टीव्ही कंपन्या तिला आपापली वेगळी नावं देतात. ती चालू केली की टीव्हीच्याच रिमोटच्या खुणा तारेतून डब्यापर्यंत जातात. जुन्या डब्यांत ही सोय क्वचितच असते, पण असली तर काम तिथेच संपतं.

## डबा नेमकं काय ऐकतो

हा भाग वाचायला थोडा तांत्रिक आहे, पण पुढे काही अडलं तर उत्तर इथेच सापडतं, म्हणून वगळू नका.

रिमोटच्या टोकाला एक एलईडी असतो. तो सुमारे ९४० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश टाकतो, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. खोलीत सूर्यप्रकाशातून, दिव्यांतून, अगदी आपल्या अंगातूनही अवरक्त किरण पसरलेले असतात. त्या गर्दीत रिमोटचा प्रकाश वेगळा ओळखू यावा म्हणून तो नुसता पेटत नाही. सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. याला वाहक वारंवारता म्हणतात. डब्याच्या संवेदकात त्याच वारंवारतेला जुळवलेली चाळणी असते, बाकीचं सगळं ती गाळून टाकते. ३८ किलोहर्ट्झ सर्वांत जास्त आढळतं, पण ३६, ४० आणि ५६ किलोहर्ट्झवर चालणारी उपकरणंही आहेत.

या लुकलुकण्याचे छोटे-मोठे तुकडे आणि त्यांच्यामधली शांतता मिळून कोड बनतो. एनईसी नावाची पद्धत डब्यांमध्ये खूप दिसते. तीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब तुकडा येतो, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, आणि मग ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे ३२ आकडे. त्यांतले पहिले आठ उपकरणाचा पत्ता, पुढचे आठ तोच पत्ता उलटा करून (शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य), मग आठ बिट बटणाचा क्रमांक, आणि शेवटी तोही उलटा करून. सरळ आणि उलट आकडा जुळला नाही तर डबा तो निरोप टाकून देतो. सगळा निरोप ६७.५ मिलिसेकंदांत आटोपतो. बटण दाबून धरलं तर सगळं पुन्हा पाठवलं जात नाही. दर १०८ मिलिसेकंदांनी ‘तेच चालू आहे’ एवढीच छोटी खूण जाते.

फिलिप्सने बसवलेली आरसी-५ ही दुसरी महत्त्वाची पद्धत. तिचा वाहक ३६ किलोहर्ट्झचा. निरोप १४ बिटचा, त्यात पाच बिट पत्ता आणि सहा बिट बटण. तिच्यात एक बिट मोठा चतुर आहे. बटण सोडून पुन्हा दाबलं की तो उलटतो. त्यावरून डब्याला कळतं की माणसाने बटण दोनदा दाबलंय, की एकदाच दाबून धरलंय. हा बिट पुढे आपल्याला त्रास देणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

वारंवारता, पद्धत, पत्ता आणि बटणाचा क्रमांक या चारही गोष्टी जुळल्या की डबा हलतो.

## सरळ रस्ता: मूळ जातीचा रिमोट

डबा एखाद्या सेवा कंपनीचा असेल आणि सेवा चालू असेल, तर आधी कंपनीकडेच विचारा. तेच सर्वांत निर्धोक.

ते शक्य नसेल तर शोध रिमोटच्या क्रमांकाने घ्या. मूळ रिमोटवर स्वतःचा वेगळा मॉडेल क्रमांक असतो, बहुधा सेलच्या कप्प्यात किंवा पाठीवर. रिमोट हरवलाय म्हणजे तो क्रमांकही गेला असं वाटेल, पण डब्याच्या माहितीपुस्तिकेत रिमोटचं चित्र असतं. डब्याच्या मॉडेल क्रमांकाने शोधल्यावर पुस्तिका बऱ्याचदा इंटरनेटवर सापडते.

विकत घेताना फोटो जुळवायची एक पद्धत आहे. बाह्य आकार बघू नका. बटणांची मांडणी बघा. लाल, हिरवं, पिवळं, निळं ही चार बटणं आकड्यांच्या वर आहेत की खाली? शून्याच्या डाव्या-उजव्या बाजूला काय आहे? मेनू आणि बाहेर पडायचं बटण चार दिशांच्या चौकटीच्या कुठल्या कोपऱ्यात आहेत? हे तीनही जुळले तर आशा धरायला हरकत नाही. तरीही खात्री नाहीच. रिमोटचे साचे बनवणारे कारखाने एकच साचा अनेकांना पुरवतात आणि आतला कोड ज्याचा त्याचा वेगळा असतो. त्यामुळे हुबेहूब दिसणारे दोन रिमोट एकमेकांच्या डब्यावर चालत नाहीत, आणि अजिबात न जुळणारा तिसराच चालतो. परत घ्यायची तयारी असलेल्याकडूनच घ्या, किंवा डबा सोबत नेऊन चालवून बघा.

मिळालेला रिमोट नुसता चालू-बंद करून समाधान मानू नका. चार दिशा, ओके, मेनू, मागे, शून्य ते नऊ आणि चारही रंगीत बटणं दाबून बघा. चालू-बंद चालतं पण मेनू उघडत नाही, असे अर्धवट जुळणारे रिमोट पुष्कळ असतात. ज्या मेनूसाठी एवढा खटाटोप केला, तोच त्यात नसतो.

## उसना रिमोट आणि लर्निंग रिमोट

माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग हा. तसाच डबा असलेलं कोणी ओळखीचं शोधा आणि त्यांचा रिमोट तासाभरासाठी मागून आणा. कोड तुमच्या डब्यावर चालतो की नाही हे पहिल्या मिनिटातच कळतं, अंदाज करावा लागत नाही.

उसन्या रिमोटने डबा हलला नाही तर आधी रिमोट तपासा. फोनचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर एलईडीच्या जागी फिकट जांभळा ठिपका थरथरताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. मागच्या कॅमेऱ्यावरची अवरक्त गाळणी बऱ्याच फोनांत जास्त कडक असते. ठिपका दिसतोय, सेल नवे आहेत, डब्याचं मॉडेलही तेच आहे, तरी डबा हलत नाही, असं झालं तर दोष बहुधा डब्याच्या संवेदकात आहे. मग कितीही रिमोट आणले तरी उपयोग नाही. संवेदक बदलावा लागेल. तो तीन पायांचा साधा भाग असतो आणि डाग देणारा कोणीही कारागीर तो बदलून देतो.

डबा हलला की लर्निंग रिमोट घ्या. हा समोरच्या रिमोटचा प्रकाश बघून तो तसाच्या तसा साठवतो. शिकवायची रीत अशी:

दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल टाका. जुन्या सेलवर नोंद बिघडते आणि दोष कशाचा ते कळत नाही.

दोन्ही रिमोट सपाट टेबलावर एकमेकांकडे तोंड करून ठेवा, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर. एकाची उंची कमी असेल तर खाली घडी घातलेला कागद सरकवा. दोन्ही एलईडी समोरासमोर आले पाहिजेत. काही लर्निंग रिमोटमध्ये बघणारा डोळा एलईडीपासून थोडा बाजूला असतो, त्याच्यासमोर मूळ रिमोट आणा.

खिडकीतलं ऊन आणि डोक्यावरचा दिवा टाळा. संध्याकाळी, दिवा बंद करून, बाजूच्या खोलीतल्या उजेडात हे काम चांगलं होतं.

लर्निंग रिमोट शिकण्याच्या स्थितीत न्या (बहुतेकांत ‘सेट’ किंवा ‘लर्न’ बटण काही सेकंद दाबून धरलं की लाल दिवा स्थिर होतो), ज्या बटणाला शिकवायचं ते दाबा, दिवा लुकलुकू लागला की मूळ रिमोटचं बटण दाबा. छोटं, पण ठाम दाबा. दाबून धरलं तर निरोपामागच्या ‘तेच चालू आहे’ या खुणाही नोंदल्या जातात, आणि पुढे एकदा दाबल्यावर आवाज चार पायऱ्या चढतो.

पहिली तीन बटणं शिकवली की थांबा आणि डब्यावर चालवून बघा. चाळीस बटणं शिकवून झाल्यावर सगळीच फसल्याचं कळणं फार जिवावर येतं. आधी चार दिशा, ओके, मेनू, मागे, मग आकडे, मग बाकीची. साध्या लर्निंग रिमोटमध्ये बटणं कमी असतात, तेव्हा गरजेची आधी उरकलेली बरी.

आता तो उलटणारा बिट. आरसी-५ च्या एका डब्यासाठी मी असाच रिमोट शिकवला. सगळी बटणं नीट चालली. मग ११ नंबरचा चॅनेल लावायला एक दाबला, पुन्हा एक दाबला, आणि पडद्यावर एकच आकडा. १२ लागतो, १३ लागतो, ११ आणि २२ काही लागत नाहीत. बराच वेळ मी बटणाखालच्या रबराला दोष देत होतो. कारण वेगळंच होतं. शिकवताना तो बिट ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत कायमचा गोठला होता. दर वेळी तोच निरोप जात होता, आणि डब्याची समजूत होत होती की मी एकचं बटण दाबून धरलंय. उपाय दोन. लर्निंग रिमोटवर जास्तीचं बटण असेल तर तोच आकडा त्यावर दुसऱ्यांदा शिकवा, पण दोन्ही नोंदींत बिट वेगवेगळा हवा; तरीही ११ लागला नाही तर मूळ रिमोटचं बटण एकदा रिकामं दाबून सोडा आणि जास्तीचं बटण पुन्हा शिकवा. नाहीतर आरसी-५ ओळखून स्वतः निरोप तयार करणारं साधन वापरा, ते पुढे येतंच आहे. मेनूत खाली जाताना एकच पायरी उतरून अडकणं हेही याच दुखण्याचं लक्षण.

## युनिव्हर्सल रिमोट: कोड टाकून

उसना रिमोट मिळाला नाही तर हा पर्याय. यात शेकडो उपकरणांचे कोड आधीच भरलेले असतात, आपण फक्त योग्य क्रमांक निवडायचा.

आधी उपकरणाचा प्रकार बरोबर निवडा. डब्यासाठी ‘एसटीबी’, ‘सॅट’, ‘केबल’ किंवा ‘डीव्हीबी’ असं बटण असतं; ‘टीव्ही’ निवडून डब्याचा कोड टाकला तर तो स्वीकारला जात नाही. मग सेटचं बटण दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरा आणि यादीतला तीन, चार किंवा पाच आकडी कोड टाका. दिवा विझला म्हणजे कोड बसला. यादीत डब्यावर छापलेल्या नावासमोर बघाच, पण तिथे जमलं नाही तर प्रत्यक्ष बनवणाऱ्या कंपनीच्या नावासमोरही बघा. एका नावासमोर दहा-बारा कोड असणं नेहमीचं आहे. वहीत लिहून एकेक खोडत जा.

कुठलाच कोड बसत नसेल तर आपोआप शोधायची सोय वापरा. रिमोट स्वतः एकामागून एक कोड पाठवतो आणि डबा हलला की आपण थांबवायचं. बहुतेक रिमोट यासाठी चालू-बंदची खूण पाठवतात. पुस्तिकेत पर्याय दिलेला असेल तर चॅनेल वर या बटणाने शोधा. जुना डबा एकदा बंद झाला की पुन्हा उठायला बराच वेळ घेतो आणि तेवढ्यात रिमोट पाच-सहा कोड पुढे गेलेला असतो. चॅनेल बदललेला मात्र लगेच दिसतो. डबा हलल्याबरोबर थांबवा. हात उशिरा गेला असं वाटलं तर एकेक पाऊल मागे येऊन तपासा.

आणि पहिल्याच जुळणीवर थांबू नका. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत चालू-बंदचा कोड सारखा आणि मेनूचा वेगळा, असं होतं. मेनू उघडत नसेल तर शोध तिथूनच पुढे चालू ठेवा.

काही स्वस्त युनिव्हर्सल रिमोट सेल काढले की सगळं विसरतात. म्हणून जमलेला कोड सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा.

## फोनचा रिमोट

काही अँड्रॉइड फोनांच्या वरच्या कडेला अवरक्त एलईडी असतो. असा फोन असेल तर हा सर्वांत झटपट प्रयोग आहे: रिमोटचं अ‍ॅप उघडा, सेट-टॉप बॉक्स निवडा आणि एकेक नमुना दाबून बघत जा. अ‍ॅपला संपर्क, ठिकाण असल्या परवानग्या मागायचं काही कारण नाही. मागितल्या तर दुसरं अ‍ॅप घ्या. आयफोनमध्ये असा एलईडी नसतो. फोनच्या तळाशी जोडायचे छोटे अवरक्त खुंटेही मिळतात.

मी फोनकडे रोजचा रिमोट म्हणून बघत नाही. वडीलधाऱ्या माणसाला चॅनेल बदलण्यासाठी दर वेळी फोन उघडून अ‍ॅप शोधायला लावणं बरोबर नाही. पण फोन शोधाचं हत्यार म्हणून उत्तम आहे. एकदा कोड जुळला की तोच फोन लर्निंग रिमोटसमोर धरा आणि फोनकडून त्याला शिकवा.

## स्वतः कोड शोधणं

ज्यांना हातात तारा धरायची सवय आहे त्यांच्यासाठी हा भाग. लागतं काय: एक आर्डुइनो (संगणकावरून प्रोग्रॅम भरता येणारी छोटी पाटी), टीएसओपी३८२३८ हा संवेदक, ९४० नॅनोमीटरचा एलईडी, टूएन२२२२ ट्रान्झिस्टर, ४७ ओहम आणि १ किलोओहमचे रोधक.

संवेदकाची फुगीर बाजू आपल्याकडे केली की डावीकडून पाय असे: सिग्नल, जमीन, वीज. जुन्या टीएसओपी१७३८ मध्ये क्रम वेगळा असतो, जमीन, वीज, सिग्नल. उलटं जोडलं तर भाग तापतो आणि जातो, म्हणून आपल्या हातातल्या भागावरचा क्रमांक वाचूनच जोडा. एलईडी थेट आर्डुइनोच्या पायाला लावू नका. पायाने २० मिलिअँपिअरच्या आसपासच राहावं. ट्रान्झिस्टर मध्ये घातला की ५ व्होल्ट आणि ४७ ओहमवर ७० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह मिळतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत निरोप पोचतो.

आयआररिमोट नावाची लायब्ररी टाका आणि तिच्यातलं ‘रिसीव्हडम्प’ हे उदाहरण चालवा. उसन्या रिमोटचं बटण दाबलं की पडद्यावर ओळ येते: पद्धत एनईसी, पत्ता अमुक, बटण तमुक. हे तीन शब्द म्हणजे रिमोटचं सगळं सार. प्रत्येक बटणाची ओळ साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवा आणि शेजारी बटणाचं नाव लिहा. लायब्ररी निरोप नव्याने घडवते, त्यामुळे आरसी-५ चा बिटही तिच्या मदतीने योग्य वेळी उलटवता येतो.

इथे एक मेख आहे. संवेदक वाहक वारंवारता गाळूनच पुढे देतो, म्हणून ती ३६ होती की ३८ हे नोंदीत उरत नाही. ओळखीची पद्धत असेल तर वारंवारता तिच्यावरूनच कळते. अनोळखी असेल तर ३८ धरून पाठवा. डबा हातभर अंतरावरून ऐकतो पण खोलीच्या पलीकडून ऐकत नाही, असं झालं तर वारंवारता चुकली आहे; ३६, ४० आणि ५६ करून बघा.

उसना रिमोट अजिबातच मिळाला नाही तर? इंटरनेटवर रिमोटच्या कोडचे साठे आहेत; लिनक्ससाठीच्या लिर्क या जुन्या प्रकल्पाचा साठा त्यांतलाच. तिथे डब्याच्या मॉडेलने शोधा. काही ठिकाणी कोड प्रॉन्टो पद्धतीच्या लांबलचक आकड्यांत मिळतो. त्यात दुसरा गट वारंवारता सांगतो. ००६डी म्हणजे ३८ किलोहर्ट्झ, ००७३ म्हणजे ३६.

तेही नसेल तर पत्ते चाचपडत जाता येतं, पण आधी हिशोब करा. आरसी-५ मध्ये पत्ते फक्त ३२, आणि बटणांचे क्रमांक ठरलेले: चॅनेल वर ३२, आवाज वर १६, चालू-बंद १२. चॅनेल वर ही एकच खूण सगळ्या ३२ पत्त्यांवर, प्रत्येकी अर्धा सेकंद थांबून पाठवली, तरी वीस सेकंदांत उत्तर मिळतं. डब्यांसाठी बहुधा पत्ता ८ किंवा १० असतो, तेव्हा सुरुवात तिथून करा. एनईसीमध्ये बटणांचे क्रमांक प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. २५६ पत्ते गुणिले २५६ बटणं, दर निरोपाला १०८ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन तास. तेवढं परवडतं. पण पत्ता १६ बिटचा असलेल्या विस्तारित एनईसीत हाच हिशोब सुमारे २१ दिवसांवर जातो. त्या वाटेला जाऊ नका.

चाचपडताना डब्यासमोरून उठू नका. अंदाधुंद पाठवलेल्या निरोपांत मेनू उघडणारं आणि सगळं पुसून मूळ स्थितीला नेणारं बटणही लागू शकतं. पडदा हलला की लगेच थांबवा, शेवटचे दहा पत्ते सावकाश पुन्हा पाठवा आणि नेमका कोणता लागला ते पकडा. पत्ता सापडला की बाजी जिंकली, कारण आता फक्त २५६ बटणं उरतात. ती एकेक, दोन-दोन सेकंद थांबून पाठवा आणि पडद्यावर काय घडतं ते लिहीत जा. साडेआठ मिनिटांत रिमोटचा सगळा नकाशा हातात येतो, त्यात मूळ रिमोटवर कधीच नसलेली एखाद-दोन दुरुस्तीची बटणंही सापडतात. ती सापडली तर त्यांच्यापासून लांब राहा.

## नवा रिमोट हातात आल्यावर

त्याच दिवशी मेनूत जाऊन राहिलेली कामं उरका: चॅनेल नव्याने शोधा, भाषा लावा, चित्राचा आकार टीव्हीला जुळवा. पिन मागितला आणि आठवत नसेल तर ०००० आणि १२३४ हे दोन आधी करून बघा. पुष्कळ डब्यांत कारखान्यातून तेच बसवलेले येतात.

एका खोलीत एकाच कंपनीचे दोन डबे असतील तर एका रिमोटने दोन्ही हलतील. काही कंपन्या मेनूत रिमोटचा संच बदलायची सोय देतात. नसेल तर एका डब्याच्या खिडकीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि तिच्यात टाचणीएवढं भोक ठेवा. जवळ जाऊन दाबलं तर तो ऐकेल, लांबून नाही.

आणि टिपून ठेवलेला कोड, रिमोटचा क्रमांक किंवा ती मजकुराची फाइल, जे काही जमलं असेल ते, डब्याच्या स्टिकरच्या फोटोबरोबर एकाच ठिकाणी ठेवा. एक चिठ्ठी डब्याच्या तळालाही चिकटवा, पण हवेची भोकं सोडून.